गोल ओरखडा ड्राइव्हचाच

सीडीवरचे ओरखडे आपल्या निष्काळजीपणानेच पडतात, असं एका लेखात वाचलं, पण ते अर्धंच खरं. हाताने पडलेला ओरखडा आडवातिडवा असतो. आमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या सीडी ड्राइव्हमधून ताईच्या लग्नाची सीडी बाहेर आली ती कंपासने काढल्यासारखं वर्तुळ घेऊन! ५२ एक्सच्या, म्हणजे साध्या सीडी-प्लेअरच्या ५२ पट वेगापर्यंत वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १० हजारांच्या आसपास फेरे मारते. चालू असताना कॉम्प्युटरचं कॅबिनेट हललं की सीडी घासलीच म्हणून समजा. त्यात गोल ओरखडा जास्त वाईट. माहितीही त्याच दिशेने लिहिलेली असते, त्यामुळे सलग तुकडाच जातो आणि ड्राइव्हची चूकदुरुस्ती (न वाचता आलेली माहिती भरून काढायची सोय) हात टेकते. म्हणून पुसतानाही मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. आणि हो, टूथपेस्टचा प्रयोग मी केलाय. सीडीला पुदिन्याचा वास आला, वरात काही दिसली नाही.