‘मैत्री’वरचे मोदक: एका करदात्याला उत्तर

नमस्कार करदाते साहेब,

तुम्ही नाव दिलं नाहीत, सही तेवढी ‘रत्नागिरीचा एक करदाता’ अशी केलीत, म्हणून हीच हाक. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारताच्या संशोधन तळावरच्या सणांचा माझा लेख वाचून तुम्ही मुख्य तीन गोष्टी लिहिल्यात: ही सरकारी खर्चाने केलेली सहल, लेखात संशोधनाचा पत्ता नाही, आणि गणपती बसवलात तर विसर्जन कुठे केलंत, तिथलं तळं नाही ना बाटवलंत?

शेवटचं आधी घेतो, कारण तो प्रश्न मला आवडला. विसर्जन केलंच नाही. मूर्ती पितळेची, चार बोटं उंच, देवगडहून ट्रंकेत घालून नेलेली. निर्जंतुक न केलेली माती तिथे नेऊ नये असं पर्यावरणाचा करार सांगतो, म्हणजे पेणची मूर्ती बाद. थर्माकोलचे दाणे-तुकडेही बंद. मखर खोक्यांच्या पुठ्ठ्याचं केलं. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, बांधायला हिरवं पान नव्हतं, तर मी वर्कशॉपमधले रंगीत वायरींचे तुकडे बांधले. माटवीला टांगतात ती कवंडाळाची रानफळं समजा, म्हटलं! आणि ते प्रियदर्शिनी तळं म्हणजे आमची विहीर. त्याचंच पाणी आम्ही प्यायचो.

संशोधनाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते लेखात यायला हवं होतं. मी शास्त्रज्ञ नव्हे, डिझेल मेकॅनिक. पण चतुर्थी येते तो काळ तिथे ओझोनच्या विवराचा असतो. आम्ही आरतीची तयारी करत होतो तेव्हा हवामान खात्याचा गडी ओझोन मोजायचा फुगा सोडायला बाहेर वाऱ्यात उभा होता. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची यंत्रं वर्षभर नोंदी घेतात. वीज गेली की नोंदीत खड्डा, म्हणून जनरेटर, म्हणून मी.

आता सहल. मार्चच्या सुमारास शेवटचं जहाज निघतं, मग नोव्हेंबरपर्यंत जवळपास कुणी येत नाही. मागे पंचवीसेक माणसं. मेअखेरपासून दोनेक महिने सूर्य उगवतच नाही. जेवणाची वेळ झाली म्हणून जेवायचं, एवढंच. कुठला वार हे मी जनरेटरच्या लॉगबुकात बघून सांगायचो. २१ जूनला सगळ्या खंडावर ‘मिडविंटर’ साजरा होतो, तळ एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. शेजारचे म्हणजे चार-पाच किलोमीटरवरच्या नोवोलाझारेव्स्कायाचे रशियन. त्या दिवशी अर्धा काळोख सरला एवढं तरी कळतं. पुढे चतुर्थी येईपर्यंत सूर्य परतलेला असतो, पण माणसं एकमेकांना विटलेली असतात.

म्हणून मोदक. खोबरं सुकं, तांदळाचं पीठ डब्यात वर्ष काढलेलं. उकड नीट झाली, पण तिथली हवा इतकी कोरडी की पारी हातातच वाळायची आणि कळी पाडायला गेलं की तडकायची. शेवटी ओलं फडकं झाकून एकेकाने एकच पारी करायची असं ठरलं. दोन आठवडे एकमेकांशी न बोललेले दोघे (भांडण चहाच्या कपावरून, खरंच) एकाच फडक्याच्या दोन टोकांना बसले. एक म्हणाला, “पाणी लाव.” दुसऱ्याने लावलं.

निरांजन लावलं तेव्हा एक जण आग विझवायचं नळकांडं हातात घेऊन उभा. हसू नका. रशियनांच्या व्होस्तोक तळावर १९८२च्या एप्रिलमध्ये वीजघराला आग लागली, एक मेकॅनिक गेला. बाकीच्यांनी उरलेला हिवाळा कामचलाऊ शेगड्यांवर काढला. मेकॅनिक म्हणून ही गोष्ट मला पाठ आहे.

कोकणातल्या शाळा गळतात आणि तुम्ही तिकडे मोदक खाता, असंही तुम्ही लिहिलंय. शाळा गळतात, मी त्यावर भांडणार नाही. पण पंचवीस जणांच्या मोदकांतून कौलं येणार नाहीत.

आणि एक. आरती झाल्यावर घरी फोन लावला. इकडे पाऊस, सकाळपासून लाईट गेलेली, आई समईच्या उजेडात बसली होती. तिने थंडीचं विचारलं नाही की जेवणाचं नाही. म्हणाली, “तुझ्याकडे तरी लाईट आसा मां?”

म्हटलं, “आसा गो. माझीच ड्युटी आसा.”