कालपासून मी दुष्ट आहे

माद्रिदमधल्या औषधाच्या दुकानात काल मी रांगेतल्या सहा माणसांसमोर जाहीर केलं, "सोय मालो, देस्दे आयेर." म्हणजे, कालपासून मी दुष्ट आहे.

म्हणायचं होतं 'आजारी'. त्याला 'एस्तोय मालो' लागतं. आपलं बिचारं 'आहे' सगळीकडे राबतं. यांच्या स्पॅनिशमध्ये 'सेर' (त्याचं 'सोय') आणि 'एस्तार' (त्याचं 'एस्तोय') अशा दोन सवती. विशेषण तेच, पण सवत बदलली की अर्थ फिरतो. 'सेर लिस्तो' म्हणजे हुशार, 'एस्तार लिस्तो' म्हणजे तयार. मी नेहमी तयारच होतो, हुशार नव्हतो, हे काल कळलं.

बरं, मी काही नवशिका नाही! प्रगत वर्गाची घसघशीत फी भरून 'एफीमेरो' म्हणजे क्षणभंगुर, 'इनेफाब्ले' म्हणजे शब्दातीत, असली विशेषणं घोकली आहेत. इतक्या दिवसांत शब्दातीत काही बोलायची वेळ एकदाही आलेली नाही. 'आजारी' मात्र रोजचंच, आणि ते कोणी धड बसवून घेतलं नाही.

औषधवालीने माझ्या नाकाकडे बघून विचारलं, "एस्ता कोन्स्तिपादो?" मी ते इंग्रजी कानांनी ऐकलं. बद्धकोष्ठ! "छे छे," मी ताडकन म्हणालो, "रोज सकाळी, अगदी वेळेवर!"

स्पेनमध्ये कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला.

मागे एक आजी होत्या, काखेत कुत्रं. "बाळा," त्या म्हणाल्या, "तू तोंडावरून दुष्ट वाटत नाहीस. नाक वाहतंय, पोट साफ आहे. बरोबर?" मग हेच त्यांनी रांगेच्या टोकाच्या, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ओरडून सांगितलं. आजोबांनी मान डोलावली. आजी मला म्हणाल्या, "पोट अडलं की एस्त्रेन्यिदो. म्हण." मी म्हटलं. "मोठ्याने." मी मोठ्याने म्हटलं. त्याच क्षणी दारातून आत आलेल्या बाईने माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. पुढे आजींच्या दिवंगत यजमानांचा एस्त्रेन्यिदोचा सविस्तर इतिहास झाला. कुत्रंसुद्धा जांभया देत होतं.

अब्रू वाचवायला मी म्हणालो, माझा आजार 'एफीमेरा' आहे. आजार तिथे स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी आकार! तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठी माणसाला दोन म्हणजे किरकोळ. कोणी दाद दिली नाही, म्हणून मी ते नियमासकट समजावून सांगितलं. आजी औषधवालीकडे वळून पुटपुटल्या, "के पेसादो!"

पेसादो म्हणजे जड, हे मला येत होतं. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, इथल्या एक आजी म्हणाल्या मी जड झालोय. आई केवढी खूश! "अंगाला लागतंय हो पोराच्या."

रात्री शब्दकोशात खालचा अर्थ वाचला. माणसाला म्हटलं तर : डोकं खाणारा.

आईला अजून सांगितलेलं नाही.