नियम वाचू नका, ड्रोन उडवा!

ड्रोन घेतलात? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे सरकारला शिव्या घालणं. बॅटरी चार्ज होईस्तोवर तासभर जातोच, तेवढ्यात उरकून घ्या. एक पथ्य मात्र पाळा : ऑगस्ट २०२१चे ड्रोन नियम चुकूनही उघडू नका. उघडलेत तर कळेल की फॉर्म २५ होते ते ५ झाले, शुल्काचे ७२ प्रकार होते ते ४ वर आले आणि नोंदणी क्रमांकाला १०० रुपये पडतात, म्हणजे पाच इंची प्रोपच्या (ड्रोनच्या पंख्यांच्या) एका सेटपेक्षाही कमी. एवढं कळल्यावर ‘सरकार आमचा छंद मारायला बसलंय’ हे वाक्य पहिल्या जोमानं निघत नाही. त्यापेक्षा २०१४ साली सरसकट बंदी आली होती, तेव्हाच्या शिव्याच चालू ठेवा. त्या चांगल्या मुरल्यात.

दुसरी गोष्ट वजनाची. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलंय ना, म्हणजे २५०पर्यंतच्या सर्वांत हलक्या वर्गात? मग तो आकडा पंचांगातल्या मुहूर्तासारखा अढळ माना. त्यावर प्रोपगार्ड लावा, लेन्सवर फिल्टर चढवा, रात्री दिसावा म्हणून छोटा दिवा चिकटवा, जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी घाला. वजन बॅटरीसकट, उडताना जेवढं असेल तेवढं धरतात, हे कुणी सांगितलंच तर हसून सोडून द्या. कोल्हापूरच्या गुजरीत एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर अख्खा ड्रोन ठेवून बघण्याचा मोह होईल, तो आवरा. काटा २८०-२९० दाखवेल आणि उगाच मन खट्टू होईल.

यातली गंमत अशी की २५० ग्रॅमच्या वर गेलात तरी हौसेसाठी उडवणाऱ्याला २ किलोपर्यंत पायलटचं प्रमाणपत्र लागतच नाही. म्हणजे त्या एका ग्रॅमवरून ग्रुपमध्ये चाललेली महायुद्धं बहुतेक फुकट आहेत. पण हे तिथं बोलू नका, लोकांना दुसरा विषय उरणार नाही. ‘हौसेसाठी’ या शब्दाकडेही काणाडोळा करा. मावसभावाच्या मित्राच्या हळदीला ड्रोन नेला, जेवण झालं, निघताना पाकीट मिळालं : ही हौसच! पाकिटात किती होते, हे विचारणारा माणूस कोत्या मनाचा.

आता आकाश. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ गावाबाहेर आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं तो ड्रोनच्याही बाहेरच असणार. सरकारच्या ड्रोन नकाशात विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी ६० मीटरपर्यंतच उडवता येतं, आणि ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी लागते. अंतर मोजायचं ते विमानतळाच्या कुंपणापासून. तुम्ही ते पार्किंगपासून मोजा, तेही गाडीच्या मीटरवर, सायबर चौकातून वळसा घालत. मग अंबाबाईचं देऊळसुद्धा आरामात बाहेर पडतं. सरळ रेषेत मोजणारे अंतर कमी भरवतात आणि हिरमोड करतात. रंकाळ्यावर तर पाळणा कुठला आणि कट्टा कुठला यावरून पट्टा बदलू शकतो, म्हणून तिथं नकाशा बघायचाच नाही. भेळ खायची आणि उडवायचा.

शहर नको असेल तर पन्हाळा आहेच. तिथं विमानतळाची कटकट नाही, फक्त पुरातत्त्व खातं आहे आणि २०२५पासून जागतिक वारशाच्या यादीतलं नाव आहे. चित्रीकरणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, पण तटबंदी आपल्या राजांनी बांधली, खात्यानं नव्हे, हा युक्तिवाद तयार ठेवा. तटावरून ड्रोन सोडलात की स्क्रीनवर उंची १०० मीटर दिसेल. ती तुम्ही उभे आहात तिथून मोजलेली असते. ड्रोन कड्याच्या बाहेर गेला की खालची जमीन एकदम खचते आणि तोच ड्रोन १२० मीटरची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो. स्क्रीन काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. परतीची उंची मात्र २०-३० मीटरवरच राहू द्या. सिग्नल तुटला की ड्रोन त्या उंचीवरून नाकासमोर घरी निघतो, आणि वाटेतलं झाड, मनोरा किंवा कडा आपोआप सापडतो.

व्हिडिओ गॉगल लावून, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणाऱ्यांना तर सल्ला देण्याची आमची पात्रताच नाही. ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात हवा असं हौशी ड्रोनच्या व्याख्येतच लिहिलंय, आणि तुमची नजर तर प्लास्टिकच्या डब्यात. शेजारी एक माणूस नुसता आकाशाकडं बघत उभा करावा लागतो. तो आणा, पण त्याच्या हातात मोबाईल द्या, तुमचं शूटिंग करायला. व्हिडिओचं चॅनल रेसबँड या संचातलं आठवं ठेवा : ५९१७ मेगाहर्ट्झ. विनापरवाना पट्टा ५८७५ला संपतो, म्हणून तिथं गर्दी कमी असते. सिग्नल गेल्यावर काय करायचं, या सेटिंगला ‘ड्रॉप’च राहू द्या. जीपीएस रेस्क्यू, म्हणजे ड्रोननं आपणहून परत येणं, लावायचं तर आर्म करण्याआधी (मोटारी चालू करण्याआधी) किमान आठ उपग्रह मिळेस्तोवर थांबावं लागतं, आणि तेवढा धीर असता तर आपण कॅरम खेळलो असतो. ड्रॉप म्हणजे मोटारी बंद. पाऊण किलोचा ड्रोन ६० मीटरवरून सुटला की, हवेचा विरोध सोडला तर, ताशी १२० किलोमीटरनं खाली येतो. खाली मिरवणूक असेल तर कुणाच्या डोक्यात जायचं, ते गणपती बघून घेईल.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला न उडवता कसं चालेल! पोलीस अधीक्षक एका वेळी ९६ तासांपर्यंत एखादा भाग लाल, म्हणजे उडवायला बंद, जाहीर करू शकतात, म्हणून सकाळी नकाशा उघडू नका. गुलालात मात्र जरूर शिरा. ती पूड गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या) सांध्यात आणि मोटारीच्या बेअरिंगमध्ये बसली की ड्रोन पुढच्या वेळी वेगळ्याच सुरात किणकिणतो. पाण्यानं धुवा. पुढं काय होतं, ते सर्व्हिसवाला सांगेल.

एका ठिकाणी तुमची तक्रार खरी आहे, हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, सुटे भाग चालतात. हौसेसाठी चांगला, स्वस्त, तयार ड्रोन हवा असणाऱ्याची यात खरोखर कोंडी होते. म्हणूनच यावर मंत्रालयाला एक साधं पत्रही लिहू नका. दुबईच्या पाहुण्याकडून बॅगेतून मागवा आणि नंतर ‘नोंदणीच होत नाही’ म्हणून ओरडा. सुटे भाग जोडायची सूचना कुणी केली तर म्हणा, वेळ नाही. उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात हे वाक्य जरा हळू म्हणा.

आणि महापूर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली की चार्जर लावा, ४३ला धोका पातळी आली की बाहेर पडा. २०१९ला लोकांना काढायला हेलिकॉप्टर आली होती. ती खालूनच उडतात, त्यांच्या पायलटला तुमचा तळहाताएवढा ड्रोन दिसत नाही, आणि तो तिथं आहे असं कळलं तर त्याला थांबावं लागतं. छतावरची माणसंही थांबतील, त्यांना कुठं जायचंय! तुम्ही आधी शॉट घ्या.

शॉट झाला की रील टाकायला विसरू नका. कोपऱ्यातली उंची, तारीख आणि ठिकाण तसंच राहू द्या, दंड १ लाखापर्यंत असल्यानं तपासणाऱ्याला कष्ट नकोत. खाली नाव, मोबाईल नंबर आणि ठळक अक्षरात : लग्नाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील.