टीव्ही ही पेटरसनची शिडी नव्हती

जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसनवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने विरोध नोंदवलात, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी त्याच्या टीव्हीच्या वर्षांचं नको तेवढं कौतुक केलं, ती वर्षं म्हणजे हॉलिवूडला जायची नुसती शिडी होती. फासबिंडर, हर्झोग हे त्याच्या काळातले जर्मन दिग्दर्शक जोखीम घेत होते तेव्हा हा माणूस सुरक्षित, खपणारं काम करत राहिला. शिडीचा मुद्दा मला पटत नाही, आणि ‘सुरक्षित’ तर मुळीच नाही.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत सिनेमासाठीचा पैसा मोठ्या प्रमाणात सार्वजनिक वाहिन्यांकडे होता. १९७४ मध्ये या वाहिन्या आणि चित्रपटांना अनुदान देणारी संस्था यांच्यात करार झाला. ज्याला आपण नवा जर्मन सिनेमा म्हणतो, त्या तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीतलं कितीतरी काम वाहिन्यांच्या पैशावर झालं. खुद्द फासबिंडरने ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’चे १४ भाग टीव्हीसाठी केले, आणि त्याच्या आधी कामगार कुटुंबावरची मालिकाही केली. त्याच्या बाबतीत आपण शिडी म्हणत नाही. मग पेटरसनच्याच बाबतीत का?

पेटरसन बर्लिनच्या फिल्म अकादमीच्या १९६६ च्या पहिल्या तुकडीतला. पुढे राजकीय माहितीपट करणारा हारून फारोकी त्याच तुकडीत होता, आणि पुढे सशस्त्र गटात गेलेला होल्गर माइन्सही. त्या तापलेल्या वातावरणातून बाहेर पडून पेटरसन ‘टाटऑर्ट’ या गुन्हेकथांच्या मालिकेकडे वळला. १९७१ ते १९७७ मध्ये त्याने कील शहरातल्या कमिशनर फिंकेचे सहा भाग केले. लाखो घरांत रविवारी रात्री पाहिलं जाणारं हे काम. प्रेक्षकाला धरून कसं ठेवायचं, हे तो इथे शिकला.

आणि ‘स्मॉग’ (१९७३) तुम्ही पाहिलेला दिसत नाही, नाहीतर ‘सुरक्षित’ म्हणाला नसतात. वोल्फगांग मेंगेची पटकथा. पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक खोऱ्यातली हवा कोंडते, धुरकं साचतं, माणसं आजारी पडू लागतात आणि कारखाने बंद करायचे की नाही यावर अधिकारी घोळ घालत बसतात. हे सगळं पेटरसनने बातमीपत्राच्या थाटात दाखवलं. ते खरंच घडतंय असं वाटून घाबरलेल्या प्रेक्षकांनी वाहिनीला फोन केले. कोळसा आणि पोलाद ज्या भागाचं पोट भरत होतं, त्या भागाबद्दल हे बोलणं सोपं नव्हतं. जानेवारी १९७९ मध्ये त्याच रूर भागात स्मॉगचा पहिला खराखुरा इशारा द्यावा लागला.

‘डी कॉन्सेक्वेन्झ’ (१९७७) तर दोन पुरुषांच्या प्रेमाची कृष्णधवल कथा. एआरडी या सार्वजनिक वाहिनीवर ती दाखवली गेली त्या रात्री बव्हेरियाच्या वाहिनीने प्रक्षेपणातून अंग काढून घेतलं. नायक युर्गन प्रोख्नॉव, चार वर्षांनी पेटरसनच्याच ‘दास बोट’ या युद्धपटात पाणबुडीचा कप्तान झालेला तोच.

‘दास बोट’ही वाहिन्यांच्या पैशाशिवाय उभा राहिला नसता. १९८१ मध्ये तो अडीच तासांचा सिनेमा म्हणून आला, त्याच चित्रीकरणातून लांबलचक मालिका झाली आणि ती १९८५ मध्ये जर्मन टीव्हीवर लागली. ऑस्करची सहा नामांकनं सिनेमाला मिळाली हे खरं, पण मला मालिका जास्त आवडते. पाणबुडीतलं युद्ध बहुतेक वेळ वाट पाहण्याचं असतं. तो कंटाळा, दमट कपडे, वाढत्या दाढ्या यांना मालिकेत जागा मिळते. छायाचित्रकार योस्ट वाकानोचा हातातला कॅमेरा त्या चिंचोळ्या नळकांड्यातून धावतो तेव्हा आपलाही श्वास अडकतो.

हॉलिवूडबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत आहे. ‘पोसायडन’ या बुडत्या जहाजाच्या सिनेमात (२००६) पाणी भरपूर आहे, माणसं नाहीत. पण ‘इन द लाइन ऑफ फायर’ला (१९९३) त्याच रांगेत बसवू नका. क्लिंट ईस्टवुडचा राष्ट्राध्यक्षांचा थकलेला अंगरक्षक आणि जॉन माल्कोविचचा मारेकरी फोनवर बोलतात ते प्रसंग पुन्हा पाहा. दोन माणसं, दोन आवाज, आणि ताण सुटत नाही. हे त्याने टीव्हीवर कमावलेलं आहे.

‘पोसायडन’नंतर दहा वर्षं त्याचा एकही सिनेमा आला नाही. २०१६ मध्ये तो जर्मनीत परतला आणि त्याने बँक लुटणाऱ्या चौघांची गोष्ट केली. तो त्याचा शेवटचा सिनेमा ठरला. मूळ गोष्ट त्यानेच १९७६ मध्ये टीव्हीसाठी केलेली होती. नवा सिनेमा मला बेताचाच वाटला. पण टीव्ही ज्याला फक्त शिडी वाटते, तो चाळीस वर्षांनी तिथलंच काम पुन्हा हातात का घेईल, हे तुम्ही मला सांगा.