टँकरच्या लाईनीत झिंगाट

"पूर आलाय का पिकनिक चाललीय?" ही कमेंट काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहायलोय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तर वाचा नाहीतर सरका पुढं, राग नाही.

झालं असं की 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जो पाऊस झाला, सीना-मांजरा पात्र सोडून शेतात शिरल्या, उभं सोयाबीन कुजलं, तेव्हा आम्ही मित्र मिळून किराण्याचे किट घेऊन परांड्याकडं गेलो होतो. एका शाळेत लोकांची सोय केलेली. तिथल्या व्हरांड्यात सात-आठ पोरी एका मोबाईलवर संजू राठोडचं 'शेकी' लावून नाचायल्या होत्या. पायाला चिखल वाळलेला, एकीच्या अंगात कुणीतरी दिलेला बाप्यामाणसाचा शर्ट गुडघ्यापर्यंत, पण स्टेप एकदम कडक. बारकी चुकली की थोरली गाणं मागं घ्यायची आणि परत पहिल्यापासून सुरू. आया शेजारीच बसून किटातली डाळ पिशव्यांत वाटून घेत होत्या. त्यातल्या एका बाईच्या दोन म्हशी वाहून गेल्या होत्या, आमच्याशी त्याच बोलत होत्या, आणि बोलता बोलता मध्येच पोरीवर खेकसल्या, "अगं कंबर हलव की नीट, त्या व्हिडिओतली बघ कशी करायली!"

एका मित्रानं तो व्हिडिओ आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला (पोरींचे चेहरे झाकून, विचारून, उगाच ओरडू नका) आणि त्याच्याखाली पुण्यात बसलेल्या एका साहेबांनी वरची कमेंट टाकली. त्याला वर चार अंगठे.

आपल्याकडं अशी एक अपेक्षाच असते की ज्याच्यावर संकट आलंय त्यानं चोवीस तास संकटात दिसलं पाहिजे. मदत पाहिजे ना, मग तोंड पाडून बस. हसलास तर तुला काही झालंच नाही, नाचलास तर तू नाटक करायलास. आणि अपेक्षा करणारे स्वतः मॅच बघत असतात. माझं म्हणणं एकदम उलटं आहे. वाईट दिवसांत माणसाला वर काढतं ते बऱ्याचदा एखादं नवंकोरं, हलकंफुलकं, बाजारात आत्ताच आलेलं नाचायचं गाणं. प्रेरणादायी गाणं नाही, संदेश देणारं तर अजिबातच नाही.

2016 आठवा. मी तेव्हा लातूरलाच होतो. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे लोकांनी मोजायचं सोडून दिलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं, म्हणजे पाचापेक्षा जास्त माणसं हंडे घेऊन जमली की गुन्हा! ट्यूशन एरियातली पोरं बॅगा भरून गावाकडं निघालेली, त्यांच्या गावाला पाणी होतं अशातला भाग नाही, पण निदान आई तरी होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची आली. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर. आयपीएलच्या मैदानाला पाणी कशाला म्हणून कोर्टात केस झाली आणि मे महिन्यातल्या जवळपास सगळ्या मॅच महाराष्ट्राबाहेर गेल्या. म्हणजे पाणीही नाही आणि मॅचही नाही.

आणि त्याच महिन्यात, 29 एप्रिलला, 'सैराट' लागला. गाणी आधीच आली होती. जिओ तेव्हा आलेलं नव्हतं, ते सप्टेंबरात आलं, त्यामुळं डाउनलोड वगैरे चैन नव्हती, मोबाईलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून आणायचं किंवा कुणाच्यातरी फोनवरून शेअरइटनं ओढायचं. आमच्या गल्लीत 'झिंगाट' आणलं ते टँकरच्या ड्रायव्हरनं. केबिनमध्ये पेनड्राईव्ह लावलेला, गाडी वळणावर असतानाच आवाज यायचा आणि बायका हंडे उचलायच्या.

टँकरची लाईन ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, तिथं रोज भांडण. नंबरावरून, ड्रमवरून, "तुमच्या घरात माणसं किती आन् हंडे किती" यावरून. आमच्याकडं एक मावशी होत्या, भांडणात कायम पहिल्या, त्यांच्यापुढं नगरसेवकसुद्धा गप. एका संध्याकाळी ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं पण गाणं चालू ठेवलं, ते सुरुवातीचं धडाड संपून शब्द सुरू झाले, आणि पाईप हातात धरून उभ्या असलेल्या मावशींचे खांदे उडायला लागले. त्यांना स्वतःला कळलंच नाही बहुतेक. खांद्याबरोबर पाईप हलला, पाणी ड्रमच्या बाहेर, आणि सगळी लाईन एका सुरात "ओ मावशी पाणीऽऽ!" मग मावशीच पहिल्यांदा हसल्या, मग सगळेच. पोरं तर तिथंच घागरी बाजूला ठेवून सुरू. ज्या बाईशी त्यांचा आठवडाभर अबोला होता तिनंच पाईप धरला. दुसऱ्या दिवशी परत भांडण झालंच, नाही कशाला म्हणू. पण ती संध्याकाळ भांडणाशिवाय गेली आणि ती टँकरनं नाही, गाण्यानं गेली.

मजा बघा, सिनेमा करमाळ्याकडचा, म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातला, त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले, आणि ते सगळं ऐकतोय कोण तर लातुरात ड्रमला टेकून उभा असलेला माणूस. थिएटरमध्ये लोक खुर्च्या सोडून नाचले, पैसे उधळले, मराठी सिनेमानं पहिल्यांदा शंभर कोटींची भाषा केली, हे सगळं त्या दुष्काळातच झालं. तेव्हाही काही शहाणे म्हणत होतेच की प्यायला पाणी नाही आणि हे झिंगाट! अरे बाबा, पाणी नाही म्हणूनच झिंगाट. पोटभर पाणी असतं तर एवढं नाचलो असतो का शंका आहे.

हे आजचंही नाही. माझी आत्या 72 च्या दुष्काळात खडी फोडायला होती. सरकारी कामावर सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची आणि घरी मिलोची, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, जी आत्याच्या मते गुरानंसुद्धा तोंड लावू नये अशी. त्याच वर्षी शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला, खेबूडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, उषाताईंचा आवाज. आदल्या वर्षी दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' येऊन गेलेला. कामावरच्या एका पोरीनं तालुक्याला मामाकडं जाऊन 'पिंजरा' बघितला, आणि ती परत आल्यावर तिचा भाव असा वाढला की तिच्या वाटणीची खडी बाकीच्या बायका फोडायच्या आणि ती नुसती गाणी सांगायची. एकेक ओळ. चुकीचीच असणार निम्मी. आत्या आजही म्हणते, "पोटात मिलो आन् तोंडात पिंजरा, आसं वरीस काढलं आम्ही." जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ होत्या की, शेकड्यानं पाठ होत्या, पण खडी फोडताना त्यांना पाहिजे होतं ते तालुक्याच्या टॉकीजमधलं नवीन.

आता यात 'नवीन'च का, यावर मी बराच विचार केलाय. जुनं गाणं मला पण आवडतं, पण वाईट दिवसांत जुनं गाणं दगा देतं. ते एकटं येत नाही, बरोबर ते दिवस घेऊन येतं. हे गाणं लागलं तेव्हा विहिरीला पाणी होतं, हे लागलं तेव्हा अण्णा होते, आणि मग गाणं राहतं बाजूला आणि माणूस बसतो डोळे पुसत. नव्या गाण्याला असलं काही चिकटलेलं नसतं. कोरं असतं. त्यात तुमचं काही गेलेलं नाही अजून. आणि दुसरं म्हणजे ते शिकावं लागतं, शब्द पाठ करायचे, स्टेप बसवायची, म्हणजे ज्या डोक्यात दिवसभर पंचनामा, बँक, तलाठी एवढंच फिरतंय त्याला अर्धा तास वेगळं काम मिळतं. पोरांना तर जास्तच. आणि बोलायला विषय मिळतो हो! संकटात सगळे एकच विषय बोलतात, त्यानं माणूस निम्मा खचतो.

लॉकडाऊनमधली ती प्रेरणादायी गाणी आठवतात का कुणाला? एकेक सेलिब्रिटी आपापल्या घरातून, पांढरा शर्ट, मागं झाडाची कुंडी, एकेक ओळ गाऊन व्हिडिओ जोडलेला, हम जीतेंगे, आपण लढू, अंधार सरेल. हेतू चांगला असेल, पण त्यातलं एक गाणं आज कुणी गुणगुणत असेल तर मला सांगा, मी चहा पाजतो. त्यापेक्षा ऑक्टोबर 2020 मध्ये आसामच्या सिलचर मेडिकल कॉलेजचे डॉ. अरूप सेनापती पीपीई किट घालून 'घुंगरू'वर नाचले तो व्हिडिओ बघा. गाणं वर्षभरापूर्वीच्या सिनेमातलं, कोरोनाशी काही देणंघेणं नाही, शब्दांत धीर-बिर काही नाही. आणि देशभर लोकांनी तोच फॉरवर्ड केला. पेशंटला "तू लढ" म्हणून सांगायला हजार जण असतात. डॉक्टर स्वतः नाचताना दिसला म्हणजे काय समजायचं ते पेशंट समजतो.

(टिकटॉक 29 जून 2020 ला बंद झालं तेव्हा गावाकडच्या कितीतरी पोरापोरींची एकमेव करमणूक गेली, त्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सुरक्षेचा मुद्दा असेल, ठीक आहे. पण हळहळलं कोण? असो, वेगळा विषय.)

2023 ला परत पाऊस फसला, 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, 2024 च्या उन्हाळ्यात संभाजीनगर-जालन्याकडं टँकरच टँकर. आणि त्या उन्हाळ्याच्या लग्नांत काय वाजलं? 'गुलाबी साडी'. फेब्रुवारीत आलेलं गाणं, जळगावकडच्या पोराचं, कुठल्या मोठ्या सिनेमाचा आधार नाही. मी स्वतः एका लग्नात नवरदेवाच्या बापाला, ज्यानं कर्ज काढून टँकर आणि मंडप दोन्ही ठरवले होते, त्यावर हात वर करून नाचताना बघितलंय. त्याला कुणी विचारलं असतं का, "काका, दुष्काळ आहे का लग्न?" दोन्ही होतं की.

आता लगेच काहीजण म्हणतील, तू डीजेची वकिली करायलास. नाही. छातीत धडधड होईपर्यंत आवाज करणाऱ्या भिंती मलाही नकोत, आमच्या शेजारच्या आजोबांनी काय सोसलंय मला माहितीय. आणि दुष्काळात टँकर द्यायचा सोडून ऑर्केस्ट्रा ठेवणारे पुढारी, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. गाणं हे लोकांनी आपलं आपण लावलं तर गाणं, वरून कुणी लावलं तर ती भूल. आणि कुठं थांबायचं हे लोकांना कळत नाही असं समजू नका. आमच्या गावात एका घरात कर्जापायी कर्ता माणूस गेला होता, पंधरवडाही झाला नव्हता, आणि गावात वरात निघाली. त्या घराच्या चार घरं अलीकडं बेंजो बंद. कुणी सांगितलं नाही, हलगीवाल्यानं स्वतःच हलगी काखेत मारली. सगळी वरात, घोड्यावरच्या नवऱ्यासकट, मुकाट त्या दारावरून गेली आणि मारुतीच्या पाराशी गेल्यावर परत सुरू झाली. ही अक्कल त्या कमेंटवाल्या साहेबांपेक्षा जास्त आहे, माझं स्पष्ट मत.

ग्रुपवर मी त्यांना हे सगळं लिहिलं नाही, तिथं भांडणं नकोत म्हणून. इथं लिहिलं, त्यांच्यापर्यंत पोचेलच.

बाकी, चुलतभावाचं लग्न ठरलंय. सोयाबीन गेलं तरी तारीख हलवली नाही, काकू ऐकत नाहीत. डीजे नाही, बेंजोवाला ठरवलाय, तो म्हणतो नवीन गाणी आत्ताच सांगा म्हणजे पोरं बसवतील. तर कमेंटमध्ये नावं टाका, यंदाचीच पाहिजेत. झिंगाट सांगू नका, ते त्याला झोपेतपण वाजवता येतं.