फाट्यावरचे रांजण

गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत औसा तालुक्यातील आमच्या गावाच्या फाट्यावर, लिंबाखाली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन रांजण असतात. ही पाणपोई यंदा बंद करावी आणि तिची वर्गणी वेशीवरच्या कमानीला द्यावी, अशी चर्चा आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे चालली आहे. आता जारचे पाणी गावोगावी पोहोचते, वीस रुपयांत बाटली मिळते, मग रांजणाला हात कोण लावतो, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याने मलाच साक्षीला ओढले. "जर्मनीत कोण कुणाला फुकट पाणी पाजतंय? तिकडं नियम हाय म्हणून देश चालतोय. आपल्याकडं नुसती माया." हे वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये मला 12 वर्षे झाली. हॉटेलात पाण्याचे पैसे पडतात, हे खरे आहे. पण याच शहरातल्या बाड कानश्टाटला खनिज पाण्याचे झरे आहेत, तिथे रस्त्यावरच्या तोटीखाली कुणीही ओंजळ धरावी, आणि तिचे पैसे कुणी मागत नाही. दवाखान्यात ताटकळत बसलेल्या अनोळखी माणसांना आत येणारा माणूस आधी नमस्कार करतो आणि मग खुर्ची शोधतो. पफांडची, म्हणजे दुकानात परत केली की अनामत पैसे मिळतात अशी, बाटली कचरापेटीत न टाकता कितीतरी जण ती पेटीच्या पायाशी उभी करून जातात, म्हणजे ती वेचणाऱ्याला घाणीत हात घालावा लागत नाही. यातले काहीही कुठल्या कायद्याने सक्तीचे केलेले नाही.

पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा पाय मोडला. केहरवोखेची, म्हणजे जिना झाडण्याच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी तेव्हा नेमकी माझ्या दारावर होती, आणि या भागात जिना न झाडता ठेवणे किती मोठा अपराध आहे, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. मोडलेल्या पायाबद्दल घराच्या नियमावलीत एक अक्षरही नव्हते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी, ज्यांच्याशी माझे नमस्कारापलीकडे कधी बोलणे झाले नव्हते, जिना झाडला, पुसला आणि रविवारी पाटी मुकाट्याने पुढच्या दारावर अडकवली. माझी पाळी पुन्हा आली तेव्हाही त्यांनी तेच केले. माझ्या मित्राने ज्या देशाचा दाखला दिला, तो मला या आजींमुळे राहण्याजोगा वाटला.

लातूरकरांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेच्या 10 वाघिणींतून लातूरला पहिल्या खेपेला 5 लाख लिटर पाणी आले. तेवढे पाणी आणणे यंत्रणेलाच शक्य होते, हे मी मान्य करतो. त्या उन्हाळ्यात आई लातुरात मावशीकडे होती. टँकर आला की गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची घागर सगळ्यांच्या आधी लावली जाते, असे ती फोनवर सांगत असे. ती घागर आधी लावा, असा हुकूम कोणत्याही कचेरीतून निघालेला नव्हता.

ग्रुपवर किल्लारीचाही विषय निघाला. वेळ आली की आपण धावून जातोच, मग रोजचे हे सोपस्कार कशाला, असा त्याचा रोख होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. पुढचे कित्येक दिवस आमच्या चुलीवरून भाकरी उतरत होत्या आणि फडक्यात बांधून जात होत्या, हे मी विसरलेलो नाही. पण भूकंप रोज होत नाही, ऊन मात्र रोज पडते, आणि फाट्यावर एस्टीची वाट पाहणारी लेकुरवाळी बाई बाटलीच्या वीस रुपयांचा विचार करून तहान मारते, हे कमानीचा नकाशा काढणाऱ्यांनी एकदा दुपारी तिथे बसून पाहावे.

हे सगळे मी फार ठासून लिहितो आहे, त्याला एक कारण आहे. गेल्या मे महिन्यात हैदराबादहून गाडी करून गावी आलो, तेव्हा फाट्यावर पाच मिनिटे थांबलो होतो. पाणपोईवरच्या म्हाताऱ्या बाबांनी तांब्या पुढे केला. पोट बिघडेल या भीतीने मी माझी बाटली वर करून दाखवली आणि म्हणालो, "आहे माझ्याकडं." त्यांनी विचारले, "कुणाचं लेकरू तू?" मी वडिलांचे नाव सांगितले. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग "बरं" म्हणाले आणि तांब्यातले पाणी लिंबाच्या बुंध्याला ओतले. त्या दिवशी मी त्या गावचा राहिलो होतो की नाही, हा प्रश्न मला श्टुटगार्टच्या जिन्यावर झाडू हातात असताना अनेकदा पडतो.

परवा रात्री मी ग्रुपवर, यंदाच्या रांजणांचे सगळे पैसे मी देतो, असे लिहिले आणि पाठवण्याआधी पुसून टाकले. पहाटे उठून हौदावरून कावडीने ते रांजण भरणारे बाबा पैशांसाठी अडून बसलेले नाहीत. वैशाखात मी पंधरा दिवसांसाठी येतो आहे, आणि या वेळी लातूरहून एस्टीने येऊन फाट्यावर उतरणार आहे. तोवर रांजण हलवू नका, एवढेच माझे मित्रांकडे मागणे आहे.