टीएसएचचा आकडा सगळ्या वयांना एकच नसतो

टीएसएच हे पिट्युटरी या मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन; ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला टी-४ हे हार्मोन बनवायला लावतं. टी-४ कमी पडला की टीएसएच सहसा वाढतो, आणि ती कमतरता टी-४ च्या गोळीने भरून काढतात. याबद्दल मोबाईलवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘टीएसएच ४.५ च्या वर म्हणजे थायरॉईड. वय काहीही असो, आकडा तोच. जास्त आला की लगेच गोळी सुरू करा, २ च्या खाली येईपर्यंत डोस वाढवा. टीएसएच नॉर्मल असेल तर बाकी काही तपासू नका.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि डोस वाढवण्याचा सल्ला तर घातक आहे.

‘वय काहीही असो.’ जन्मानंतर पहिल्या अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच ६० ते ८० पर्यंत उसळतो आणि दिवसभरात २० च्या आसपास उतरतो. म्हणून थायरॉईड तपासायला बाळाच्या टाचेला टोचून घ्यायचं रक्त शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. त्याआधी घेतलं तर ठणठणीत बाळाचाही आकडा वाढलेला दिसतो. पण ‘लहान मुलांचा जास्तच असतो’ म्हणून गप्प बसणं त्याहून वाईट. बाळ दोन आठवड्यांपेक्षा मोठं आहे, टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) कमी आहे, तर उपचारांसाठी एक दिवसही थांबायचं नाही. मेंदूची वाढ थायरॉईडच्या हार्मोनवर चालते आणि वाया गेलेले आठवडे भरून येत नाहीत.

आता आजी-आजोबांकडे या. थायरॉईडचा आजार नसलेल्यांची अमेरिकेत मोठी पाहणी झाली, तीत ऐंशीच्या पुढच्यांची वरची मर्यादा ७.५ च्या आसपास निघाली. लॅबच्या कागदावर मात्र बहुतेक वेळा सगळ्या प्रौढांसाठी एकच पट्टा छापलेला असतो. त्यामुळे ८२ वर्षांच्या आजींच्या ६.२ समोर ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) उमटतो आणि घरचे गोळी आणायला धावतात. टीएसएच थोडा वाढलेला पण टी-४ ठीक, अशा पासष्टीपुढच्यांना गोळी देऊन पाहणारा युरोपातला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. थकवा किंवा इतर लक्षणांत गोळीने फरक पडला नाही. (चालू असलेली गोळी मात्र हे वाचून स्वतःहून बंद करू नका.)

गरोदरपणात हिशेब पुन्हा वेगळा. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच आपोआप खाली जातो, ०.२ दिसला म्हणून घाबरायचं कारण नसतं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला मात्र डोस बहुधा वाढवावा लागतो. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा.

‘लगेच गोळी.’ प्रौढ माणसाचा आकडा १० च्या आत आणि टी-४ ठीक असेल, तर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला पुन्हा तपासा. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठल्यावरही काही आठवडे तो वाढलेला राहतो. आकडा १० च्या वर टिकून राहिला तर उपचार सहसा लागतातच.

‘डोस वाढवत राहा.’ टी-४ चं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. त्यावरून पुन्हा डोस चढवला की उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. कितीदा तर डोस पुरेसा असतो, गोळीच अंगी लागत नाही: चहासोबत घेतली, किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर. उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या ते एका तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी.

‘नॉर्मल असेल तर बाकी नको.’ दोष टीएसएच बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतच असेल तर टी-४ खाली गेलेला असूनही टीएसएच नॉर्मल येतो. शिवाय केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे काही लॅब-पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, आणि घेत होतात हे लॅबला सांगा.